तिशीतले मुरुम आणि चिठ्ठीवरच्या दोन ट्यूब

मुरुमांना मराठीत ‘तारुण्यपीटिका’ असा भारदस्त शब्द आहे. पस्तिशीत हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दुखऱ्या गाठी येणाऱ्या बाईला तो टोमणाच वाटेल. पंचविशीनंतरही न हटणाऱ्या मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञ बहुधा सकाळी एक ट्यूब, रात्री दुसरी आणि गोळ्या तीनच महिने असं लिहून देतात. यातली प्रत्येक अट आधीच्या एखाद्या चुकीतून आली आहे.

१९५० च्या दशकापासून टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या वर्षानुवर्षे दिल्या जायच्या. १९७० चं दशक संपता संपता मुरुमांतले जंतू अँटिबायोटिकला दाद देईनासे झाल्याच्या नोंदी आल्या. म्हणून आज गोळ्यांना मुदत असते आणि क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं जेल एकटं देत नाहीत, जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड असतं, तीच सकाळची ट्यूब. पेरॉक्साइड थेट ऑक्सिडेशनने जंतू मारतं, त्याला जंतू सरावत नाहीत. २.५ टक्क्यांचं पुरतं. १० टक्क्यांचं घेतलं तर गुण फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते. टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढराच ठेवावा, रंगीत असला तर डाग पडतो.

रात्रीच्या ट्यूबची कथा फिलाडेल्फियातली. त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ट्रेटिनॉइन, म्हणजे व्हिटॅमिन ए ॲसिड, मुरुमांवर चालतं असं दाखवलं. १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पण चेहरा लाल होऊन सोलायचा आणि लोक महिन्याभरात ट्यूब फेकून द्यायचे. आजही उपाय फसतो तो इथेच. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, मग वाटाण्याएवढं मलम सगळ्या चेहऱ्याला पातळ लावायचं. पहिले दोन आठवडे दोन रात्री सोडून तिसऱ्या रात्री. नुसतं पुटकुळीवर ठिपका देऊन उपयोग नाही, कारण औषधाचं खरं काम रोमछिद्राचं तोंड बुजू न देणं हे आहे. फरक दिसायला १२ आठवडे लागतात. जुन्या घडणीचं ट्रेटिनॉइन उजेडात आणि पेरॉक्साइडसोबत विघटित होतं, म्हणून ती सकाळ-रात्रीची वाटणी. १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या, त्याच जातीच्या ॲडॅपलिनला ही अडचण नाही. ते पेरॉक्साइडसोबत एका ट्यूबमध्येही मिळतं.

गरोदरपणात ट्रेटिनॉइन आणि ॲडॅपलिन दोन्ही बंद. तेव्हा ॲझेलेइक ॲसिड कामी येतं. त्वचेसाठी त्याचा उपयोग चक्क शिब्यांच्या पांढऱ्या डागांच्या अभ्यासातून कळला, आणि सावळ्या त्वचेवर मागे राहणारे काळे डागही ते फिके करतं.

आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचा १९७९ चा अभ्यास अवघ्या १४ रुग्णांचा होता, पण हट्टी गाठींचे मुरुम असलेल्या त्या १४ पैकी १३ जणांचे चेहरे स्वच्छ झाले. १९८२ मध्ये मंजुरी मिळाली आणि लगोलग बाळांमध्ये गंभीर व्यंगं दिसू लागली. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी गरोदर नसल्याची चाचणी, आणि थांबवल्यावरही महिनाभर गर्भनिरोधन.

स्पायरोनोलॅक्टोन मूळचं लघवी वाढवणारं औषध. ब्रिटनमध्ये ४१० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुरुमांवर त्याचा गुण बाराव्या आठवड्यापेक्षा चोविसाव्याला जास्त दिसला. घाई असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. गरोदरपणात तेही चालत नाही.

आपल्याकडचा घोळ वेगळाच. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं ‘गोरं करणारं’ मलम अनेकदा स्टिरॉइडचं निघतं. आठवड्यात चेहरा उजळतो, पुढे त्याच मलमाने मुरुम येतात आणि ते बंद केलं की चेहरा भडकतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत, टाकली, तरी डॉक्टरकडे जाताना घरातली प्रत्येक ट्यूब सोबत न्यावी. मागच्या बारीक अक्षरांत बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असेल, तर आधी तेच सोडवावं लागतं.