चक्का घट्ट, तरी जिभेला रवाळ

श्रीखंड चमच्यात उभं राहिलं म्हणजे ते जिभेला मऊ लागेलच असं नाही. पहिल्या क्षणी कळतो तो घट्टपणा. जीभ टाळूवर दाबली गेली की मधला थर पातळ होत जातो आणि मग खरा अंमल घर्षणाचा. श्ट्रिबेक या जर्मन अभियंत्याने 1902 साली बेअरिंगमधल्या घर्षणाचे आलेख मांडले. तोच हिशोब इथे लागू पडतो. थर जाड असेपर्यंत जीभ सरकते, तुटला की घासते. प्रयोगशाळेत टाळूच्या जागी मऊ सिलिकॉन रबर घेऊन, तोंडाच्या तापमानाला, वेग बदलत हे घर्षण मोजतात.

तोंडातलं वंगण म्हणजे लाळ आणि स्निग्धांश. कच्च्या दुधात स्निग्धांशाचे थेंब सरासरी 3-4 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. फ्रिजमध्ये ते बरेचसे गोठतात. तोंडात वितळतात, काही एकमेकांत मिसळून जिभेवर पसरतात. फुल क्रीम दुधात स्निग्धांश 6 टक्के, डबल टोन्डमध्ये 1.5. दूध पावडर घालून डबल टोन्डचा चक्का घट्ट करता येतो, पण तो जिभेवरून तसा घसरत नाही.

रवाळपणाचं कारण मात्र वेगळं. केसिन या दुधातल्या मुख्य प्रथिनाचे कण मुळात मायक्रॉनहूनही लहान. आंबटपणा झपाट्याने वाढला की त्यांच्या गाठी होतात. कडक, कंगोरेदार कण 20-30 मायक्रॉनचा झाला तरी जिभेला टोचतो. मऊ, गोल कण त्याहून मोठा असला तरी चालून जातो.

म्हणून दूध 85 अंशांवर अर्धा तास ठेवावं. त्याने निवळीतली (दह्यातून निथळणाऱ्या पाण्यातली) प्रथिनं केसिनला चिकटतात, दही पाणी कमी सोडतं. विरजण लिटरला 20 मिली पुरे. जास्त विरजण आणि 45 अंशांची ऊब म्हणजे दही लवकर लागतं खरं, पण खरबरीत. 40 अंशांवर वेळ लागू द्यावा. लागलं की लगेच फ्रिजमध्ये, नाहीतर आंबटपणा वाढतच राहतो.

चक्क्यात पाणी कमी, त्यामुळे साखर सावकाश विरघळते. पिठीसाखर मिसळून तासभर झाकून ठेवावं, मगच पुरणयंत्रातून काढावं. यंत्र मोठ्या गाठी मोडतं, बारीक कण तसेच राहतात. ते दही लावतानाच टाळायचे. वेलदोड्याची पूड जाडसर असेल तर तीही दाताखाली येते, आणि दोष उगाच चक्क्याला लागतो.