कधीच न उगवलेली तारीख

एक्सेलमध्ये एका रिकाम्या चौकटीत ६० लिहा आणि त्या चौकटीला तारखेचं रूप द्या. एक्सेल १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजतं, त्यामुळे समोर येईल त्याच्या हिशेबाने साठावा दिवस: २९ फेब्रुवारी १९००. हा दिवस कधी उगवलाच नव्हता. शतकाचं वर्ष लीप असायला त्याला ४०० ने भाग जावा लागतो, १९०० ला तो जात नाही. मायक्रोसॉफ्टला हे माहीत होतं. चूक मुळात लोटस वन-टू-थ्री या त्याआधीच्या स्प्रेडशीटमधली, म्हणजे रकान्यांत हिशेब मांडायच्या प्रोग्राममधली. लोटसमध्ये वर्षानुवर्षं हिशेब ठेवलेल्या लोकांच्या तारखा एक्सेलमध्ये आल्यावर एका दिवसाने सरकू नयेत, म्हणून ती जाणूनबुजून तशीच घेतली.

कुठला संगणक चालला आणि कुठला बुडाला याची चर्चा निघाली की लोक प्रोसेसर आणि मेमरीचे आकडे काढतात. मला त्यापेक्षा हा साठावा दिवस जास्त बोलका वाटतो: यंत्राचं नशीब त्यावर लोकांचे प्रोग्राम चालतात की नाही यावर ठरतं.

अ‍ॅपल टू १९७७ साली आला तेव्हा तो मुख्यतः हौशी लोकांचा संगणक होता. त्याला ऑफिसात नेलं ते व्हिसिकॅल्क या स्प्रेडशीटने. डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. फळ्यावर प्राध्यापक मोठा तक्ता मांडायचे आणि एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहायचे. हे काम यंत्राने करावं, या विचारातून त्याने बॉब फ्रँकस्टनबरोबर १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क बाजारात आणलं. व्याजदराच्या चौकटीत ८ चे ९ केले की खालचा अख्खा रकाना डोळ्यांदेखत बदलायचा. हिशेबनिसाला आणखी काय हवं? सुरुवातीला हा प्रोग्राम फक्त अ‍ॅपल टूवर चाले. त्यामुळे साधारण १०० डॉलरच्या प्रोग्रामपायी लोक त्याच्या कितीतरी पट किमतीचं यंत्र घेऊ लागले. म्हशीपेक्षा रेडकू मोठं म्हणतात ते इथे उलटं झालं, रेडकासाठी म्हैस विकत घेतली गेली!

आयबीएमचा पीसी १९८१ चा. त्याचा व्हिसिकॅल्क म्हणजे १९८३ चं लोटस. वेग मिळावा म्हणून लोटस ऑपरेटिंग सिस्टीमला वळसा घालून थेट पीसीच्या पडद्याच्या मेमरीत लिहायचं. याचा परिणाम मजेशीर झाला. पीसीवरचीच एमएस-डॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम चालवणारी यंत्रं इतर कंपन्याही विकत होत्या, पण आतली मांडणी थोडी वेगळी असली की पीसीसाठी लिहिलेलं लोटस तिथे चालेना. मग ‘आयबीएमसारखा’ म्हणवणारा संगणक खरंच तसा आहे का, हे दुकानात लोटस चालवून बघायचे. काही यंत्रं त्यांच्या परीने पीसीपेक्षा सरस होती. पण एका प्रोग्रामच्या आडवाटेने सगळ्या उद्योगाची मोजपट्टी ठरवली होती.

याच्या नेमकी उलटी गत कमोडोर कंपनीच्या अमिगा संगणकाची. १९८५ मध्ये ४,०९६ रंग, चार वाहिन्यांचा आवाज, एका वेळी अनेक कामं. ऑफिसात मात्र त्याला कुणी विचारलं नाही. ग्राहक नाहीत म्हणून हिशेबाचे दमदार प्रोग्राम नाहीत, प्रोग्राम नाहीत म्हणून ग्राहक नाहीत. अ‍ॅपलचा मॅकिंटॉश, म्हणजे मॅकही याच फेऱ्यात सापडला असता. त्याच वर्षी आलेल्या पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रामने आणि लेझर प्रिंटरने त्याला छपाईचा धंदा मिळवून दिला, म्हणून तो तगला.

दुसऱ्याचे प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालवून हा फेरा तोडता येईल असं वाटतं. आयबीएमने तेच केलं. ओएस/२ या त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टीमची १९९२ ची आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचे प्रोग्रामही चालवायची. ग्राहकांची सोय झाली, पण प्रोग्राम लिहिणाऱ्या कंपन्यांनी साधा हिशेब केला: विंडोजसाठी एकदा लिहिलं की दोन्हीकडे चालतंय, मग ओएस/२ साठी वेगळं कशाला लिहायचं? ही युक्ती आयबीएमच्याच अंगाशी आली.

ऑगस्ट १९९७ मध्ये अ‍ॅपल डबघाईला आलेली असताना स्टीव्ह जॉब्सने बोस्टनच्या मंचावरून मायक्रोसॉफ्टशी झालेला करार जाहीर केला. बातम्यांत गाजली ती १५ कोटी डॉलरची गुंतवणूक. माझ्या मते त्याच करारातलं दुसरं कलम जास्त मोलाचं होतं: पुढची पाच वर्षं मॅकसाठी मायक्रोसॉफ्ट ऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलचा संच, निघत राहील. बिल गेट्सचा चेहरा मोठ्या पडद्यावर झळकला तेव्हा सभागृहातल्या मॅकप्रेमींनी हुर्यो उडवली.