बोटातून रक्तनमुना घेणे

बोटातून रक्तनमुना घेणे : बोटाच्या शेवटच्या पेरावर लॅन्सेटने, म्हणजे छोट्या टोकदार सुईने, बारीक टोचून केशवाहिन्यांतले थेंबभर रक्त तपासणीसाठी काढण्याची पद्धत. शुगर, हिमोग्लोबिन, रक्तगट आणि हिवतापाची काचपट्टी यांना एवढे रक्त पुरते. सातारा-सांगली भागात उपकेंद्रापासून गणेशोत्सवातल्या आरोग्य शिबिरापर्यंत सगळीकडे ती चालते.

प्रौढांमध्ये कमी वापराच्या हाताचे मधले बोट किंवा अनामिका निवडतात. पेराच्या ऐन मध्यावर न टोचता किंचित कडेला टोचतात. तिथे कमी दुखते. करंगळीची कातडी पातळ असल्याने हाडाला इजा होऊ शकते, तर ऊसतोड मजुराच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर घट्टे असतात. प्रौढांत टोचण्याची खोली २.४ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. सहा महिन्यांखालच्या बाळाचे रक्त बोटातून नव्हे, टाचेच्या कडेतून घेतात.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते हात धुण्याकडे. शुगर १०० (मिलिग्राम प्रति डेसिलीटर) असेल, तर एक मायक्रोलीटर रक्तात ग्लुकोज असते जेमतेम एक मायक्रोग्राम, आणि ग्लुकोमीटरची पट्टी एवढाच किंवा याहून लहान थेंब घेते. तासगावच्या बेदाणा शेडवर काम करणाऱ्याच्या किंवा नुकतीच द्राक्षे खाल्लेल्याच्या बोटावर तेवढा अंश सहज चिकटलेला असतो. मग आकडा दुप्पट येतो आणि माणूस विनाकारण घाबरतो. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून हा चिकटा पुरता जात नाही. साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात आणि कोरडे करावे लागतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत कोमट पाणी वापरले तर बोटात रक्तही चांगले उतरते. पश्चिम भागातल्या पावसाळ्यात पट्ट्यांची डबी उघडी राहिली की दमट हवेने पट्ट्या खराब होतात.

स्पिरिट लावल्यावर ते पूर्ण वाळू द्यावे, फुंकर मारू नये. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा घेतात, कारण पहिल्यात ऊतींतला द्रव मिसळलेला असतो. बोट पिळल्यानेही तेच होते. रांग मोठी असली की पिळण्याचा मोह होतो खरा, पण अशा पातळ थेंबामुळे एखाद्या बाईचे हिमोग्लोबिन उगाच कमी दिसते. एकाच टोचणीतून अनेक तपासण्या करायच्या असतील, तर रक्तपेशींच्या तपासणीची नळी आधी भरतात, नाहीतर रक्त गोठू लागते.

शिबिरातला खरा धोका लॅन्सेट बसवून टोचायच्या पेनचा. लॅन्सेट दरवेळी बदलले तरी पेनच्या टोकावर न दिसणारे रक्त राहते, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवसांपर्यंत टिकू शकतो. म्हणून पेन एकाच रुग्णाने वापरावे. शिबिरात मात्र टोचताच सुई आत ओढून घेणारे, एकदाच वापरायचे लॅन्सेट हवे. हातमोजे प्रत्येक माणसामागे बदलायचे आणि मीटर पुसायचे. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे लॅन्सेट पांढऱ्या, सुईने भोसकला न जाणाऱ्या डब्यात टाकतात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत आणि हातमोजे लाल पिशवीत. वापरलेल्या लॅन्सेटला पुन्हा टोपण लावत नाहीत. तसे करतानाच ते हाताला लागते.

वापरलेले लॅन्सेट आशाताईंना किंवा तंत्रज्ञाला टोचलेच, तर जखम न पिळता वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि लगेच डॉक्टरांना सांगावे. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितक्या उपयोगी. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस हे काम हाती घेण्याआधीच झालेले असावेत.