न्यू ऑर्लिन्सचं जॅझ: जपलं कुणी, आणि नेमकं काय?

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात जॅझ, म्हणजे तिथल्या काळ्या वादकांतून घडलेलं संगीत, ‘जपायला हवं’ ही भाषा सुरू झाली १९४०च्या आसपास, आणि बोलणारे बहुतेक बाहेरून आलेले, रेकॉर्डी जमवणारे गोरे रसिक होते. गावोगावी विस्मरणात गेलेले काळे वादक त्यांनी हुडकून काढले. एका म्हाताऱ्या ट्रंपेटवाल्याला पुन्हा फुंकता यावं म्हणून नवी कवळी करून दिली.

‘पारंपरिक’ या शब्दाचा घोळ इथूनच सुरू होतो. या रसिकांना १९२०च्या आधीचं वाटेल असं वादन हवं होतं. सॅक्सोफोन त्यांना खपत नसे. कवळीवाल्या बुवांना मात्र तेव्हाची चालू गाणी वाजवायची हौस! म्हणजे परंपरा कोणती हे वाजवणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांनी जास्त ठरवलं. पुढे सेंट पीटर स्ट्रीटवर १९६१मध्ये सुरू झालेल्या सभागृहात फर्माइशीच्या दरांची पाटीच होती: पारंपरिक १ डॉलर, इतर २, आणि ऐकून-ऐकून चोथा झालेलं ‘सेंट्स’ हे गाणं (‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’) ५ डॉलर. तरीही, काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसणं जोखमीचं असताना तिथे दोघं बसत, आणि म्हाताऱ्या वादकांना नेमाने काम मिळे, हे नाकारता येत नाही.

त्याच वर्षी शौकिनांच्या एका क्लबने जॅझचं संग्रहालय उघडलं. त्यातल्या वस्तू आज जुन्या टांकसाळीच्या इमारतीत आहेत. इकडे वाद्यं काचेआड जात होती आणि तिकडे याच शहरात जन्मलेल्या विख्यात ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगचं जन्मघर १९६४मध्ये पाडलं गेलं. १९६६मध्ये क्लेबोर्न अव्हेन्यूवरची ओकची झाडं तोडून वरून महामार्ग नेला. काळ्यांच्या ट्रेमे वस्तीतली घरं उठवली, आणि मोकळ्या झालेल्या जागेवरच्या बागेला नाव दिलं आर्मस्ट्राँगचं.

काळ्यांच्या वस्त्यांतली मंडळं या सगळ्याच्या आधीपासून होती. वर्गणी काढायची, सभासद वारला की अंत्यविधीचा खर्च उचलायचा, बँड बोलवायचा. भिशीच म्हणा, फक्त ब्रासबँडची. त्यांच्या रविवारच्या मिरवणुका, ‘सेकंड लाइन’, कुणी जतन म्हणून काढत नव्हतं. २००५च्या कतरिना वादळानंतर शहराने मिरवणुकीच्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क इतकं वाढवलं की मंडळांना कोर्टात जावं लागलं. २००७मध्ये तडजोड झाली.

साउथ रॅम्पार्ट स्ट्रीटवर आर्मस्ट्राँगला पोरवयात काम देणाऱ्या ज्यू कुटुंबाचं दुकान होतं. ऐतिहासिक वास्तू म्हणून त्याची नोंद झाली होती. दुरुस्तीविना उभं असलेलं ते दुकान ऑगस्ट २०२१च्या आयडा वादळात कोसळलं.