मॉसमधल्या टार्डिग्रेडची नवी प्रजाती जाहीर करायची प्रक्रिया: पात्रता, परवानग्या आणि कागदपत्रे

टार्डिग्रेड म्हणजे मॉसच्या ओलाव्यात राहणारा आठ पायांचा सूक्ष्म प्राणी. त्याची नवी प्रजाती कोणतेही सरकारी कार्यालय मंजूर करत नाही. त्यासाठी फॉर्म नाही, प्रमाणपत्रही मिळत नाही. आंतरराष्ट्रीय प्राणी-नामकरण संहितेचे (चौथी आवृत्ती, १ जानेवारी २००० पासून लागू) नियम पाळून शोधनिबंध प्रसिद्ध झाला की नाव ग्राह्य. पण नमुना कोणाच्या परवानगीने आणला, याचा कागद मागच्या तारखेचा मिळत नाही. म्हणून सुरुवात कागदापासून.

पात्रता
संहितेत पदवीची अट नाही. मात्र फेज कॉन्ट्रास्ट (पारदर्शक प्राणी ठळक दाखवणारी सोय) आणि १०० पटीचे ऑइल इमर्शन भिंग असलेला मायक्रोस्कोप लागतोच. तो घरी नसतो, तेव्हा जवळच्या कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग सोबत घ्या.

परवानग्या
स्वतःच्या विहिरीचे बांधकाम किंवा वाड्याची भिंत असेल तर मालकाची संमती पुरे. चिखलदऱ्याकडे मॉस भरपूर, पण मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत संशोधनासाठी वन्यजीव विभागाची लेखी परवानगी हवी. अर्ज नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे. गार्डसाहेबांचा तोंडी होकार शोधनिबंधात लिहिता येत नाही. गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात ग्रामसभेचा ठराव घ्या. मार्कंड्याच्या देवळाच्या दगडांना हात लावू नका, ते संरक्षित स्मारक आहे. परदेशी तज्ज्ञाकडे नमुने पाठवायचे असतील तर आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे विचारा.

ध्रुवीय मॉसवर काम करायचे असेल तर वाट गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून जाते, आणि अंटार्क्टिकासाठी भारतीय अंटार्क्टिक कायदा, २०२२ लागू होतो.

नमुना
निसरडे हिरवे शेवाळ नको. मखमलीसारखी गादी धरणारे मॉस हवे. ते कागदी पाकिटात वाळवून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी येते. पाकिटावर तारीख, अक्षांश-रेखांश, उंची आणि आधार (मोहाची साल, कौल, दगड) लिहा. वैशाखात मॉस कोरडेठक्क झाले तरी प्राणी आक्रसून टिकून राहतात. अंटार्क्टिकात १९८३ साली गोळा करून गोठवलेल्या मॉसमधला 'अक्युटुंकस अंटार्क्टिकस' ३० वर्षांनी जिवंत झाला होता.

मॉस रात्रभर पाण्यात भिजवून पिळा, ते पाणी बारीक चाळणीने गाळा आणि पेट्री डिशमध्ये २०–४० पटीखाली शोधा. प्राणी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आतला. स्लाइडला होयर्स माध्यम वापरतात: पाणी ५० मिली, डिंक (गम अरेबिक) ३० ग्रॅम, क्लोरल हायड्रेट २०० ग्रॅम, ग्लिसरॉल २० मिली. क्लोरल हायड्रेट विषारी आहे, कॉलेजच्या प्रयोगशाळेतच हाताळा. कडा नेलपॉलिशने बंद करा, नाहीतर काही वर्षांत स्लाइड खराब होते.

आता खरी अडचण. 'मॅक्रोबायोटस हुफेलँडी' गटातले प्राणी दिसायला जवळजवळ सारखेच असतात. फरक अंड्यावरच्या उंचवट्यांत असतो. अंडी नसतील तर वर्णन परत येते. शक्य असेल तर ३० प्राणी मोजावेत: मुखनलिकेची लांबी, घशातल्या दांड्या, नख्या, आणि प्रत्येक मापाचे मुखनलिकेशी शेकडा प्रमाण. काही प्राणी डीएनएसाठी राखून ठेवा (तुलनेसाठी वाचले जाणारे डीएनएचे तुकडे: १८एस, २८एस, आयटीएस-२, सीओआय), कारण होयर्समध्ये गेलेल्या प्राण्यातून डीएनएची आशा धरू नये.

शोधनिबंधासोबत लागणारे
– परवानगीपत्रांचे क्रमांक
– एक होलोटाइप (नाव टिकवून धरणारा नमुना), बाकीचे पॅराटाइप. ते कोणत्या संग्रहात आणि कुठे ठेवले याचे स्पष्ट वाक्य. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचा नोंदणी क्रमांक यायला वेळ लागतो, अर्ज आधीच करा
– नाव रोमन लिपीत. वंश पुल्लिंगी असेल तर 'मेळघाटेन्सिस' चालेल
– जवळच्या प्रजातींपासून वेगळेपण सांगणारे निदान
– जेनबँक (डीएनए माहितीचा खुला ऑनलाइन संग्रह) क्रमांक
– नियतकालिक फक्त ऑनलाइन असेल तर झूबँकची (प्राण्यांच्या नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंद. ती विनामूल्य असते, पण क्रमांक शोधनिबंधातच छापलेला हवा; तो राहिला तर नाव ग्राह्य होत नाही

'झूटॅक्सा'सारख्या नियतकालिकात छापण्याचे पैसे सक्तीचे नसतात. पीएच.डी. प्रबंधात दिलेले नाव सहसा ग्राह्य धरत नाहीत. नाव वर्तमानपत्राला आधी सांगू नका.

जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नवी प्रजाती सापडल्यावर नेमलेल्या संस्थेला कळवणे आणि तिच्याकडे नमुना जमा करणे बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी ही संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण, कोलकाता. होलोटाइप तिथेच ठेवला असेल तर हे दोन्ही काम एकाच पत्रात होते. पोहोच मात्र जपून ठेवा.