त्वचेची चाचणी सशाशिवाय होत नाही?

एखादं रसायन त्वचेचा दाह करतं का, हे तपासायचं तर ‘बशीतल्या पेशी म्हणजे त्वचा नव्हे, खरं उत्तर ससाच देतो’ हा समज अजून फिरतोच आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४३९ क्रमांकाच्या चाचणी पद्धतीत मुळात सुट्या पेशी नसतातच. माणसाच्या पेशींपासून वाढवलेली, वर मृत पेशींचा राठ थर असलेली बाह्यत्वचा असते. एपिडर्म या नमुन्यावर ३० मायक्रोलिटर द्रव ६० मिनिटं ठेवतात, धुतात, ४२ तास उबवतात, मग ३ तास एमटीटीत ठेवतात. हे पिवळं द्रावण जिवंत पेशी जांभळं करतात. ५० टक्के किंवा त्याहून कमी पेशी जगल्या, तर पदार्थ दाहक.

गोम अशी, की काही रसायनं स्वतःच एमटीटी जांभळं करतात आणि मेलेली त्वचा जिवंत भासते. म्हणून आधीच मारलेल्या त्वचेवर तेच रसायन वेगळं तपासून तेवढा रंग वजा करावा लागतो. यकृतावरचा दीर्घकालीन परिणाम मात्र या चाचणीतून कळत नाही, आणि तसा दावाही कुणी करत नाही.