विमानाची उंची नियंत्रकाला कोण सांगते?

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी सौदी अरेबियन एअरलाइन्सचे बोइंग ७४७ दिल्लीहून उड्डाण करून वर चढत होते आणि शिमकेंतहून आलेले कझाक इल्यूशिन-७६ दिल्लीकडे उतरत होते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचा मार्ग तेव्हा एकच असल्याने नियंत्रकाने पहिल्याला १४ हजार आणि दुसऱ्याला १५ हजार फुटांची मर्यादा घालून दिली होती. कझाक विमान ती मर्यादा ओलांडून आणखी खाली आले आणि हरियाणातील चरखी दादरीजवळ झालेल्या टकरीत ३४९ माणसांचा मृत्यू झाला. दिलेली उंची सोडली ही चूक विमानातली होती, यात शंका नाही. पण ती वेळीच लक्षात येण्याची सोय जमिनीवरही नव्हती. नियंत्रकाच्या पडद्यावर दोन ठिपके एकमेकांजवळ सरकत होते, पण त्यांची उंची पडद्यावर उमटत नव्हती, कारण दिल्लीत त्या वेळी केवळ प्राथमिक रडार वापरात होते.

प्राथमिक रडार रेडिओलहरींचा झोत सोडते आणि विमानाच्या धातूवर आपटून परतलेला प्रतिध्वनी टिपते. प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळेवरून अंतर आणि अँटेनाच्या रोखावरून दिशा कळते. विमानतळावरील नेहमीच्या रडारचा झोत मात्र उभ्या दिशेत पंख्यासारखा पसरट असतो, त्यामुळे विमान त्या पंख्यात नेमके किती वर आहे हे त्याला उमगत नाही. शिवाय जाताना आणि येतानाही लहर विखुरत असल्यामुळे अंतर दुप्पट झाले की प्रतिध्वनी सोळा पटींनी क्षीण होतो. ठिपका कोणत्या विमानाचा आहे हे तर त्यातून कळतच नाही.

यावरचा उपाय दुसऱ्या महायुद्धात आपले आणि शत्रूचे विमान वेगळे ओळखण्याच्या गरजेतून निघाला होता. दुय्यम रडार प्रतिध्वनीची वाट पाहत नाही, तर १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारते, आणि विमानातला ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्झवर स्वतःच्या शक्तीने उत्तर देतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे चार अंकी संकेतांक, ज्याला वैमानिक ‘स्क्वॉक’ म्हणतात. त्यात ८ आणि ९ हे अंक कधीच नसतात, कारण प्रत्येक अंक तीन स्पंदांच्या असण्या-नसण्यातून घडतो, आणि म्हणून एकूण संकेतांक ४०९६ च होतात. त्यांपैकी ७५०० अपहरणासाठी, ७६०० रेडिओ बंद पडल्यास आणि ७७०० संकटकाळासाठी राखून ठेवलेले आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असते उंची, आणि मला या सगळ्या व्यवस्थेचा कणा तोच वाटतो. ही उंची विमानाबाहेरील हवेच्या दाबावरून काढली जाते. वैमानिक आपल्या उंचीमापकावर स्थानिक दाब फिरवून बसवतो आणि तेथे हाताची चूक होऊ शकते. ट्रान्सपाँडरला जाणारी उंची मात्र नेहमी १०१३.२५ हेक्टोपास्कल या प्रमाण दाबावरूनच मोजलेली असते, त्यामुळे वैमानिकाने आकडा चुकीचा लावला तरी ती चूक नियंत्रकाच्या पडद्यापर्यंत पोहोचत नाही. अमेरिकेत सर्वाधिक वर्दळीच्या विमानतळांभोवती ३० सागरी मैलांच्या आत आणि १० हजार फुटांच्या वर उंची सांगणारा ट्रान्सपाँडर सर्वसाधारणपणे बंधनकारक आहे, आणि त्याची दर २४ महिन्यांनी चाचणी करावी लागते.

गर्दी वाढल्यावर ४०९६ संकेतांक अपुरे पडू लागले आणि एकाच प्रश्नाला अनेक विमाने एकदम उत्तरे देऊ लागली. म्हणून ‘मोड एस’ आला. त्यात प्रत्येक विमानाला २४ बिटांचा कायमचा पत्ता मिळतो, आणि रडार त्याच पत्त्यावर प्रश्न पाठवते. असे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते शक्य आहेत, त्यांपैकी २ लाख ६२ हजार १४४ भारताच्या वाट्याला आले आहेत. हीच प्रश्नोत्तरे विमाने आपापसांतही करतात. टक्कर टाळणारी ‘टीकॅस’ यंत्रणा समोरच्या ट्रान्सपाँडरला विचारून अंतर आणि उंची जाणते आणि एका वैमानिकाला चढण्याची, तर दुसऱ्याला उतरण्याची सूचना देते. चरखी दादरीनंतर ही यंत्रणा भारतात सक्तीची झाली.

समोरून उत्तरच आले नाही तर मात्र तिचा उपयोग होत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या जंगलावर ३७ हजार फुटांवर एक बोइंग ७३७ आणि एक लहान जेट समोरासमोर आले. जेटचा ट्रान्सपाँडर त्या वेळी चालू नव्हता, त्यामुळे दोन्हीपैकी कोणत्याही विमानात इशारा वाजला नाही. बोइंगमधील सर्व १५४ जण मरण पावले, आणि जखमी पंखानिशी जेट मात्र खाली उतरले. एका विमानाच्या मौनाची किंमत दुसऱ्याने मोजली. म्हणूनच ट्रान्सपाँडरची निवड विमानमालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही, असे मला ठामपणे वाटते.

आता ‘एडीएस-बी’ पद्धतीत विमान प्रश्नाची वाटही पाहत नाही. उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान ठरवून ते सेकंदाला साधारण दोनदा जाहीर करते. दूरच्या मार्गांवरील रडारची अँटेना एक फेरा पूर्ण करायला बारा सेकंदांपर्यंत वेळ घेते, आणि ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान तेवढ्यात ३ किलोमीटर पुढे गेलेले असते, हे ध्यानात घेतले की या घाईचे मोल कळते. अमेरिकेने १ जानेवारी २०२० पासून नियंत्रित आकाशाच्या मोठ्या भागात ही पद्धत बंधनकारक केली. मात्र येथे विमान स्वतःबद्दल जे सांगते तेच खरे धरले जाते, आणि उपग्रहांच्या संकेतांत कोणी बिघाड घडवला तर चुकीची जागाही तितक्याच ठामपणे जाहीर होते. त्यामुळे रडार मोडीत काढणे आजही शहाणपणाचे नाही.

मुंबईच्या नियंत्रण कक्षाकडे अरबी समुद्राचा मोठा पट्टा आहे. तेथे पृथ्वीची वक्रता आड येते. ३५ हजार फुटांवरचे विमान किनाऱ्यावरच्या रडारला फार तर सव्वाचारशे किलोमीटरपर्यंत दिसू शकते. त्यापलीकडे सुसज्ज विमान आपला ठावठिकाणा उपग्रहामार्फत ठरावीक काळाने कळवत राहते, आणि दोन निरोपांमधल्या वेळेत ते कोठे असेल हे नियंत्रकाला अंदाजाने धरावे लागत असल्यामुळे तेथे दोन विमानांमध्ये जमिनीवरील मार्गांपेक्षा कितीतरी जास्त अंतर राखले जाते.